वतनाची जमीन आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

एप्रिल महिना आला की आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरीला हार पडतो. भाषणे होतात, मुलांना खाऊ मिळतो. भारताची राज्यघटना, महाडचे चवदार तळे आणि नागपूरची धम्मदीक्षा या तीन गोष्टींची आठवण निघते आणि ती निघालीच पाहिजे. परंतु या तिन्ही गोष्टी आमच्या वाचकांना पाठ आहेत. त्या पुन्हा सांगण्यासाठी आजचा लेख आम्ही लिहीत नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यात आणखी एक धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाललेला आहे. भाषणांत तो फारसा येत नाही, कारण तो रूक्ष वाटतो. तो धागा म्हणजे जमिनीचा कायदा. जमीन कुणाच्या नावावर, कोणत्या शर्तीवर, आणि त्या नावापायी माणसाला काय भोगावे लागते, हा प्रश्न त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षे सोडला नाही.

या प्रश्नाशी आपला संबंध काय, असे या बेटावरचा वाचक विचारील. आपण येथे उंच इमारतींतील सरकारी सदनिकांत राहतो. नव्व्याण्णव वर्षांचा करार असतो आणि त्या कागदात शंकेला जागा नसते. पण जुन्या घरांतली एखादी ट्रंक उघडून पाहा. तळाशी पिवळा पडलेला सातबाराचा उतारा सापडतो. त्यावर पणजोबांचे नाव, त्याखाली वारसांची वीस-बावीस नावे आणि पुढे नुसता ‘सामाईक’ असा शेरा. त्यातले निम्मे लोक वारले, काही मुंबईत, एखादा लंडनला, आणि एक शाखा येथे. कुणाचा हिस्सा किती हे कुणालाच धड सांगता येत नाही. शिवाय सिंगापुरात आपण सगळे एकाच मंडळात गणपती बसवतो आणि सारे सरसकट महाराष्ट्रीय म्हणवले जातो, तरी त्या उताऱ्यावर कुणाचे पूर्वज खोत आहेत, कुणाचे त्या खोताची कुळे आहेत आणि कुणाचे वतनदार महार आहेत. कागद हे विसरत नाही. तो कागद असा का लिहिला गेला आणि तो बदलण्यासाठी कुणी झुंज दिली, हे आपल्याला माहीत असावे म्हणून हा लेख.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात ते आहे. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. पुढचे शिक्षण मुंबईत झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली ते बी. ए. झाले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडन. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही भरभर पुढे जातो.

१९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातून एवढे शिकून आलेल्या या तरुणाला त्या शहरात राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी लोकांच्या ज्या उतारशाळेत ते राहिले होते तेथून त्यांना हुसकावून लावण्यात आले आणि ते मुंबईस परत आले. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याला शहरात खोली नाही त्याने देशाच्या शेतांचा हिशेब मांडावा, हे आम्हांला फार बोलके वाटते.

त्या वेळी सरकारी अधिकारी आणि अर्थशास्त्रज्ञ एकच तक्रार करीत होते. शेताचे तुकडे फार झाले आहेत. बापाच्या चार एकरांचे चार भावांत चार तुकडे, नातवांत सोळा. म्हणून शेती परवडत नाही. तेव्हा कायद्याने तुकडे जोडा. बडोदे संस्थानाने यासाठी एक समितीही नेमली होती. बाबासाहेबांनी प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, ते कसणाऱ्याजवळ बैल, अवजारे आणि भांडवल किती आहे यावर ठरते. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याला लहान शेतही मोठेच. खरा रोग असा की फार माणसे एकाच जमिनीवर पोट भरायला बसली आहेत, आणि त्यांना कारखानदारीत काम मिळाल्याखेरीज जमिनीवरचा भार हलका होणार नाही. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही कोकणच्या गावांकडे पाहिले तर या विवेचनात काय चूक होती हे दाखवणे कठीण आहे. आपले आजोबा-पणजोबा बोटीवर चढले तेही याच कारणाने.

आता वतनाकडे वळू. तरुण वाचकांना हा शब्द फक्त ‘मायदेश’ या अर्थाने ठाऊक असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

जुन्या मराठी गावात पाटील, कुलकर्णी, महार यांची कामे वंशपरंपरेने ठरलेली असत आणि त्या कामाबद्दल त्यांना जमीन व हक्क असत. त्याला वतन म्हणत. महारांच्या वतनाविषयी एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. बेदरच्या बादशहाने अमृतनाक नावाच्या महाराला त्याच्या इमानाबद्दल बावन्न हक्क लिहून दिले, असे ती कथा सांगते. कथा खरी असो वा नसो, तिचा अभिमान मोठा होता. इंग्रजी राज्य आल्यावर सरकारने ही पद्धत मोडली नाही, उलट १८७४ साली मुंबई इलाख्यासाठी वतनांचा कायदा करून ती कागदावर पक्की केली. वतनाची जमीन सरकारच्या परवानगीवाचून वतनाबाहेर विकता येईना, आणि जमीन आहे तोवर चाकरी चुकेना.

पाटील-कुलकर्ण्यांची चाकरी आणि महारांची चाकरी यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. गावात सरकारी अंमलदार आला की त्याचे सामान उचलायचे, घोड्याला दाणा-वैरण आणायची. वसुलाची थैली तालुक्याच्या खजिन्यात पोचवायची. शिवेच्या तंट्यात हद्द दाखवायची, रात्री गस्त घालायची, निरोप घेऊन दहा कोस चालायचे, मयताची बातमी परगावी न्यायची, मेलेले जनावर ओढायचे. ज्याची पाळी तो येसकर. पण पाळीचा माणूस घरी नसला तर त्याचा म्हातारा बाप किंवा पोर, जो हाती लागेल त्याला बोलावले जाई. दिवस-रात्रीचा हिशेब नव्हता आणि कामाची यादी कुठे लिहिलेली नव्हती. मोबदला काय? एक लहानसा इनामी तुकडा, जो एवढ्या घरांत विभागला गेलेला असे की एकेकाच्या वाट्याला काही गुंठे येत. त्याशिवाय गावकऱ्यांनी द्यायचे बलुते, म्हणजे खळ्यावरचे धान्य आणि दारोदारची भाकर. रोख मुशाहिरा कुठे महिन्याला काही आणे, कुठे रुपया-दीड रुपया, कुठे मुळीच नाही. गावाशी वाकडे आले की पहिले बलुते बंद. म्हणजे सरकारची चाकरी करायची आणि पगार गावाच्या मर्जीवर.

या व्यवस्थेतले गूढ असे की ज्याला ती जखडून ठेवी त्यालाच ती प्रिय वाटे. जमीन आहे, नाव आहे, बावन्न हक्कांचा मान आहे, हे सोडायचे कसे? बाबासाहेबांनी नेमके येथे बोट ठेवले. आपले पत्र ‘बहिष्कृत भारत’ यात त्यांनी १९२७ मध्ये महार वतनावर सविस्तर लिहिले आणि आपल्याच लोकांना पटवून देण्याचा प्रयत्न केला की या तुकड्याच्या लोभाने मुले शाळेऐवजी चावडीवर जातात, बाहेर नोकरी-धंदा शोधण्याची उमेद मरते आणि संबंध जात गावची हक्काची नोकर होऊन बसते. सगळ्यांना ते पटले नाही. पुष्कळ वतनदारांना ते आपल्या पोटावरचे आणि मानावरचे संकट वाटले. पुढारीपण म्हणजे टाळ्या मिळवणे असे समजणाऱ्यांनी बाबासाहेबांचा हा काळ जरूर वाचावा.

या बाबतीत त्यांच्या आधी एका राजाने पाऊल टाकले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील महार वतने रद्द करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या, म्हणजे चाकरी गेली आणि जमीन राहिली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र होते. पण महाराजांचा हुकूम कोल्हापूरच्या हद्दीपुरता. इंग्रजी मुलखात कायदाच बदलावा लागणार होता.

लंडनहून डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन बाबासाहेब १९२३ मध्ये परतले व मुंबईत वकिली करू लागले. १९२७ च्या आरंभी ते मुंबईच्या कायदेकौन्सिलचे सरकारनियुक्त सभासद झाले. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात कौन्सिलात लहान शेतकऱ्यांसंबंधीचे विधेयक आले. ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा होऊ द्यायचा नाही, असा त्याचा रोख होता. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. चार भावांतल्या एकाला जमीन दिली तर बाकीचे तिघे भूमिहीन मजूर होतील, त्यांचे काय, हा त्यांचा सवाल होता. मालकी ज्याची त्याच्याकडे राहू द्या आणि शेत सहकाराने एकत्र कसा, असा पर्याय त्यांनी सुचविला. ते विधेयक पुढे कायदा झाले नाही. तुकडेबंदीचा कायदा मुंबई राज्यात यायला १९४७ साल उजाडावे लागले.

मग १९ मार्च १९२८ हा दिवस आला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी कौन्सिलपुढे ठेवले. त्याची मांडणी वकिलाची होती आणि हिशेब अर्थशास्त्रज्ञाचा. ज्या वतनदाराला चाकरी नको असेल त्याने तसे कळवावे; त्याची चाकरी संपेल आणि जमीन मात्र पूर्ण सारा भरून त्याच्याकडेच राहील. ज्यांना चाकरी करायची आहे त्यांची कामे ठरवून द्यावीत. बलुते दारोदार मागण्याऐवजी त्याचे पैशात रूपांतर करावे आणि ती रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून चाकरांना द्यावी. थोडक्यात, जमिनीची आणि चाकरीची गाठ सोडवायची.

यात कुणाचे काही हिरावून घेतले जात नव्हते, तरी विरोध चहूकडून झाला. सरकारला चिंता ही की महार मोकळे झाले तर ही सगळी कामे पगारी नोकरांकडून करून घेण्याचा खर्च कोण सोसणार. गावच्या पुढाऱ्यांना बलुत्याचा पैसा सरकारी वसुलात जाणे नको होते. हातातली दोरी जाणार होती. विधेयक प्रवर समितीकडे गेले आणि तेथे त्याचे रूप इतके पालटले की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते परत घेतले. कुणी म्हणेल, अर्धी भाकर तरी घ्यायची होती. आमचे मत तसे नाही. ज्या दुरुस्तीने गाठ सुटत नाही ती स्वीकारली असती तर पुढची तीस वर्षे तीच दाखवून गप्प बसवले गेले असते.

येथे थोडे दूर जाऊन यावेसे वाटते. ज्या १९२८ साली मुंबईत हे विधेयक आले, त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये सर अपिराना न्गाटा हे गृहस्थ माओरी लोकांच्या कारभाराचे मंत्री झाले. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आता त्या देशात आहेत, त्यांना हे नाव तेथील नोटेवर पाहायला मिळते. न्गाटा हेही वकील, आपल्या समाजातून विद्यापीठाची पदवी पुरी करणारे पहिले गृहस्थ. त्यांचा जन्म १८७४ चा, म्हणजे आपल्या वतन कायद्याच्याच वर्षाचा. हा केवळ योगायोग.

माओरींची जमीन मूळची कुळाच्या सामाईक मालकीची. इंग्रजांनी १८६५ च्या कायद्याने न्यायालयाकरवी तिला व्यक्तींची नावे लावली. आरंभी तर एका जमिनीच्या कागदावर दहाच नावे घालायची पद्धत पडली आणि बाकीचे सगळे बाहेर राहिले. नावे लागल्यावर जमीन विकता येऊ लागली आणि झपाट्याने गेली. जी उरली तिच्यावर वारसांची इतकी नावे चढत गेली की कुणालाच ती धड कसता येईना. न्गाटांनी विखुरलेले हिस्से अदलाबदल करून एकत्र आणण्याचा, सगळ्या हिस्सेदारांची मिळून संस्था करून शेती चालवण्याचा आणि १९२९ पासून सरकारी पैशाने त्या जमिनी विकसित करण्याचा उद्योग आरंभला. पैशाच्या हिशेबातील गोंधळावरून चौकशी झाली आणि १९३४ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्यांच्या योजना मात्र चालू राहिल्या. १९५० मध्ये ते वारले. न्गाटांना आपली माणसे जमिनीवर टिकवायची होती, बाबासाहेबांना आपली माणसे त्या जमिनीच्या शर्तीतून सोडवायची होती. दोन्हीकडे कागद परक्या सरकारने लिहिलेला होता आणि त्याची भाषा शिकून तो पुन्हा लिहायला घेतला तो त्याच समाजातल्या पहिल्या वकिलांनी. वीस-बावीस नावांचा आपला उतारा घेऊन एखादा माओरी गृहस्थ भेटला तर दोघांना एकमेकांचे दुःख सांगावे लागणार नाही.

पुन्हा कोकणात येऊ. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत वतनाहून मोठा प्रश्न खोतीचा होता. खोत हा मुळात सरकारचा वसुलीचा मक्तेदार. गावचा सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. काळाच्या ओघात तो गावचा धनी झाला. कुळाकडून कुठे अर्धे पीक, कुठे एक तृतीयांश. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द आमच्या वृद्ध वाचकांनी लहानपणी ऐकले असतील. त्यावर आणखी वेठ: आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचे, त्याचे नावच आठवेठ. सगळे खोत जुलमी होते असे आम्ही म्हणत नाही, आणि सगळे श्रीमंत तर नव्हतेच. साने गुरुजी पालगडच्या खोताच्या घरात जन्मले, आणि त्या घराची ओढाताण मराठी माणसाला माहीत आहे. पण चांगला खोत मिळणे हे कुळाच्या नशिबावर अवलंबून असावे, हाच तर अन्याय.

एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध आवाज उठविला. आता प्रश्न एका जातीचा राहिला नाही; कुळांत कुणबी, आगरी, महार सगळेच होते. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी जमीन कसायचेच नाकारले. शेतकऱ्याने शेत पडीक टाकणे म्हणजे स्वतःच्या पोटाला चिमटा घेणे. जंगलातली लाकडे विकून आणि कंदमुळे खाऊन ती माणसे राहिली, पण १९३९ पर्यंत ताठ उभी राहिली. बाबासाहेबांनी त्या संपाला पाठिंबा दिला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा त्यात अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांसारखे सवर्ण सहकारीही होते.

१९३७ च्या निवडणुकीनंतर, १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात त्यांनी खोती नाहीशी करणारे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी, मधला दुवा काढून टाकावा आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याचे नाव सरकारी दप्तरात थेट लागावे, असे ते होते. भरपाईचे कलम आम्ही मुद्दाम सांगतो, कारण खोतांची लूट करायला निघालेला माणूस असे त्यांचे चित्र त्या काळी रंगवले गेले. महार वतनाचे विधेयकही त्यांनी त्याच वर्षी पुन्हा आणले. जानेवारी १९३८ मध्ये सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. कोकणातली माणसे बोटीने आली, काही पायी आली. परुळेकर आणि इंदुलाल याज्ञिक बरोबर होते. मुंबईचे मुख्य प्रधान बाळासाहेब खेर यांना शिष्टमंडळ भेटले. खेरांनी ऐकून घेतले, पण विधेयक पुढे सरकले नाही, आणि १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच राजीनामा देऊन गेले. चरीच्या झुंजीला मात्र फळ आले: १९३९ च्या कूळ कायद्यात कुळांना संरक्षण मिळाले.

वतनदारांची गोष्ट तर उलट दिशेने चालली होती. चाकरी तीच ठेवून सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली. १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे आणि १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे परिषदा घेऊन बाबासाहेबांनी त्याविरुद्ध लोक उभे केले. एव्हाना जे वतनदार १९२७ मध्ये त्यांच्यावर रुसले होते त्यांनाही वतन म्हणजे काय हे कळू लागले होते.

१९४७ मध्ये, घटना लिहिली जाण्यापूर्वी, त्यांनी ‘संस्थाने आणि अल्पसंख्याक’ या विषयावर एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात जमिनीसंबंधी त्यांची भूमिका आणखी पुढे गेलेली दिसते. सर्व शेतजमीन राज्याने भरपाई देऊन ताब्यात घ्यावी, ती गावातील लोकांना जातपात न पाहता सामुदायिक शेतीसाठी द्यावी, आणि कुणी जमीनदार नाही, कुणी कूळ नाही, कुणी भूमिहीन नाही अशी स्थिती आणावी, असे त्यांनी सुचविले. हे आपल्या कानांना तितकेसे चमत्कारिक वाटणार नाही. या बेटावर १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारने जमीन घेत घेत बहुतेक भूमी राज्याच्या मालकीची केली आणि तिच्यावर लोकांची घरे उभी केली. अर्थात जुन्या कंपाँगमधून ज्यांना उठावे लागले त्यांना मिळालेल्या भरपाईविषयी वडीलधाऱ्यांच्या तोंडून कडू-गोड दोन्ही ऐकायला मिळते. बाबासाहेबांची ही योजना घटनेत आली नाही. घटनासमितीत ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते, पण बहुमत त्यांचे नव्हते.

कायदेमंत्री असताना त्यांनी हिंदू कायद्याच्या संहितेसाठी जो आग्रह धरला त्याकडेही आम्ही याच धाग्याने पाहतो. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा असावा, हा त्यातला मोठा भाग. ते विधेयक रखडत राहिले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. वारसाहक्काचा कायदा जून १९५६ मध्ये अमलात आला. ज्या उताऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या फक्त पुरुषांची नावे होती तेथे लेकींची नावे दिसू लागली ती येथून. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महानिर्वाण झाले.

खोती नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला, तो त्यांनी पाहिला. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसेल त्याची जमीन झाली आणि कोकणातील हजारो कुळांची नावे मालक म्हणून लागली. तो दिवस त्यांना पाहायला मिळाला नाही. महार वतनाचा निकाल तर सर्वांत शेवटी लागला. कनिष्ठ गाववतने नाहीशी करणारा कायदा १९५८ मध्ये मंजूर झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला, म्हणजे बाबासाहेबांच्या पहिल्या विधेयकानंतर एकतीस वर्षांनी. येसकराची पाळी कायद्याने संपली. मात्र ज्यांना वतनाचा तुकडाही नव्हता त्यांचा प्रश्न तसाच राहिला. त्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, आणि हजारो माणसे तुरुंगात गेली.

आता त्या ट्रंकेतल्या कागदाविषयी थोडे. १९५९ च्या कायद्याने वतनी जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग ठरलेली रक्कम भरून घेऊन जुन्या वतनदारालाच परत देण्यात आली, पण ‘नवीन व अविभाज्य’ शर्तीवर; म्हणजे कलेक्टरच्या मंजुरीवाचून ती विकता किंवा वाटता येत नाही. ही अट गरिबाची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून घातली गेली. शहरे वाढली तसे या जमिनींना सोन्याचे मोल आले, आणि परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचे खटले महाराष्ट्रात अजून चालू आहेत. तेव्हा आपल्या घरच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘इनाम वर्ग ६ ब’ असे शब्द दिसले, तर गावाकडून येणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी तलाठ्याकडून जुने फेरफार काढून घ्यावेत. त्या फेरफारांत १९५९ नंतरची एक नोंद सापडेल. तेथे पणजोबांच्या नावापुढचा वतनाचा शेरा काढून टाकलेला असेल आणि जमीन त्यांच्या नावे नव्याने दिल्याचे लिहिलेले असेल.